डबडबचं आमंत्रण आलंय? ॲपल पार्कला कीनोटसाठी पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हे वाचा

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं डोक्यात नीट बसेल. डब्ल्यूडब्ल्यूडीसी, म्हणजे ॲपलची जूनमधली डेव्हलपर कॉन्फरन्स, जिला सगळे डबडबच म्हणतात, तिचा कीनोट, म्हणजे पहिल्या दिवशीचा मोठ्या घोषणांचा कार्यक्रम, आता स्टेजवर लाइव्ह होत नाही. 2020 ला कोविडमुळे सगळं ऑनलाइन गेलं, 2022 पासून लोकांना परत कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोला, ॲपल पार्क या ॲपलच्या हेडक्वार्टरला बोलवायला लागले, पण कीनोट आधी शूट केलेला व्हिडिओच राहिला. आत्तापर्यंत टिम कुक आणि ॲपलचं सॉफ्टवेअर सांभाळणारा क्रेग फेडरिगी समोर येऊन चार वाक्यं बोलायचे, टाळ्या शिट्ट्या व्हायच्या आणि मग मोठ्या स्क्रीनवर तोच व्हिडिओ लागायचा जो त्याच मिनिटाला कोथरूडमध्ये तुमचा मित्र गादीवर लोळत बघत असतो, आणि खरं सांगायचं तर त्याला तो तुमच्यापेक्षा जास्त स्पष्ट दिसत असतो कारण त्याच्या डोळ्यावर ऊन नसतं.

मग एवढा खर्च करून जायचं कशाला? लग्नाला जातो ना आपण, मंगलाष्टका ऐकायला कोण जातं, पण त्या चालू असताना तिथे असावं लागतं तेव्हाच बाकीची मजा. इथे बाकीचं म्हणजे रविवारची संध्याकाळ, सोमवारची रांग, दुपारचं सेशन आणि ज्यांनी तुम्ही रोज वापरता ते फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बनवायचा तयार कोड, लिहिलंय त्या ॲपलच्या इंजिनिअरशी समोरासमोर उभं राहून बोलणं. हे डोक्यात ठेवून प्लॅन केला तर ट्रिप वसूल, नाहीतर जगातली सगळ्यात महागडी व्हिडिओ स्ट्रीम.

अर्ज करणं

तारखा मार्चच्या शेवटी जाहीर होतात. 2024 ला 26 मार्चला झाल्या, 2025 ला 25 मार्चला. त्याच दिवशी डेव्हलपर साइटवर कीनोटच्या दिवसासाठी रिक्वेस्ट टाकायचं पान उघडतं आणि साधारण आठवडाभरात बंद होतं, त्यामुळे मार्चमध्ये मेल बघत जा, स्पॅमचा फोल्डर पण. तुमच्याकडे 99 डॉलरवालं चालू डेव्हलपर प्रोग्राम मेंबरशिप असलं की रिक्वेस्ट टाकता येते, अजून काही गट असतात, जसे एंटरप्राइझ प्रोग्रामवाले (मोठ्या कंपन्यांची मेंबरशिप) किंवा स्विफ्ट स्टुडंट चॅलेंज ही ॲपलची विद्यार्थ्यांची स्पर्धा जिंकलेले, त्या त्या वर्षीच्या अटी पानावर असतात त्या वाचायच्या. मेंबरशिप एक्स्पायर होत आली असेल तर आधी रिन्यू करा.

निवड लॉटरीने. तुमचं ॲप किती भारी आहे, किती डाउनलोड आहेत, याचा काही संबंध नाही. कॉन्फरन्सला जायला तिकीट पण नाही, फुकट आहे, आणि हे नवीन मुलांना सांगितलं की त्यांना नवल वाटत नाही पण जुन्या लोकांना विचारा, 2019 पर्यंत हेच तिकीट 1599 डॉलरला होतं आणि 2013 ला तर विक्री सुरू झाल्यावर दोनेक मिनिटांत सगळी तिकिटं संपली होती, लोक अलार्म लावून बसलेले आणि पान लोड होईपर्यंत खेळ खलास. 2014 पासून लॉटरी आली ती त्याच्यामुळेच.

कॉलेजमध्ये असाल तर लॉटरीच्या नादी लागण्यापेक्षा स्विफ्ट स्टुडंट चॅलेंज बघा. साधारण फेब्रुवारीत एन्ट्री घेतात, तीन मिनिटांत अनुभवता येईल असं छोटं ॲप प्लेग्राउंड, म्हणजे ॲपलच्या स्विफ्ट भाषेत लिहिलेलं छोटं ॲप, करून द्यायचं असतं, 350 विजेते निवडतात आणि 2024 पासून त्यातल्या 50 जणांना क्युपर्टिनोला तीन दिवस बोलवतात. ज्या मुलाने आजीच्या औषधांच्या वेळांचं किंवा गावातल्या पाण्याच्या टँकरचं काहीतरी साधं पण मनापासून केलंय त्याला जास्त चान्स, भारंभार ॲनिमेशनवाल्यापेक्षा, हे माझं मत.

व्हिसा, आणि इथेच निम्मे लोक गळतात

निकाल एप्रिलच्या सुरुवातीला येतो, कॉन्फरन्स जूनच्या पहिल्या दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे हातात दोन महिने. तेवढ्यात मुंबईच्या बीकेसीतल्या कॉन्सुलेटची बी1/बी2 ची, म्हणजे बिझनेस-टुरिस्ट व्हिसाची, पहिल्यांदाची अपॉइंटमेंट मिळून, बायोमेट्रिक होऊन, इंटरव्ह्यू होऊन पासपोर्ट घरी येणं हे फार कमी जणांचं जमतं. त्यामुळे उलट्या क्रमाने चाला. पुढच्या एकदोन वर्षांत कधीतरी जायची इच्छा आहे ना, मग व्हिसा आत्ता काढून ठेवा, लॉटरी लागो न लागो. मिळाला तर सहसा दहा वर्षांचा असतो, लॉटरी दरवर्षी टाकता येते.

इंटरव्ह्यूला साधं सरळ बोलायचं. डेव्हलपर कॉन्फरन्सला चाललोय, आठवडाभर, खर्च कंपनी करतेय किंवा मी करतोय, परत येऊन हे हे काम आहे. ॲपचा डेमो द्यायला जाऊ नका, फोन आत नेता पण येत नाही. आणि ॲपलचं आमंत्रण म्हणजे व्हिसाची गॅरंटी नव्हे, तो फक्त एक कागद.

जे आधीच अमेरिकेत आहेत, टेक्सासात नाहीतर जर्सीत, त्यांनी हा भाग सोडून द्या आणि आमच्याकडे बघून हसा.

राहणं, पोचणं

सॅन होजे एअरपोर्ट सगळ्यात जवळ, सॅन फ्रान्सिस्कोचा लांब, पण भारतातून येणाऱ्यांना बहुतेक सॅन फ्रान्सिस्कोच पडतं. क्युपर्टिनोला ट्रेन नाही हे नकाशात आधी बघून घ्या. कॅलट्रेन ही लोकल शेजारच्या सनीव्हेलवरून, सॅन्टा क्लारावरून जाते, तिथून पुढे टॅक्सी. त्या आठवड्यात क्युपर्टिनोतल्या हॉटेलांचे भाव बघून चक्कर येते म्हणून निकाल लागला त्याच संध्याकाळी कॅन्सल करता येईल असं बुकिंग टाकून ठेवायचं, सनीव्हेल किंवा सॅन्टा क्लारा चालेल, तिघाचौघांत मिळून अपार्टमेंट घेतलं तर अजून बरं. सनीव्हेलचा एक फायदा, एल कॅमिनो रियल रोडवर डोसा, चाट, वडापाव, किराणा सगळं मिळतं, जेट लॅगमध्ये पहाटे जाग आल्यावर खायला आदल्या दिवशीच काहीतरी आणून ठेवा. बे एरियात मराठी माणसं भरपूर आहेत, महाराष्ट्र मंडळ जुनं आहे, ओळखीतल्या ओळखीत कोणीतरी निघतंच आणि मग हॉटेलचा प्रश्नच मिटतो, फक्त त्यांच्या घरी जाताना भाकरवडी न्यायला विसरू नका.

पोचायचं शनिवारी, किंवा शुक्रवारी. रविवारी उतरू नका. का ते पुढे.

रविवार: इन्फिनिट लूप

बॅज, म्हणजे आत जायचा पास, आदल्या दिवशी, रविवारी मिळतो, आणि गेली काही वर्षं तो ॲपल पार्कला नाही तर इन्फिनिट लूपला देतात, म्हणजे ॲपलचं जुनं हेडक्वार्टर. टॅक्सीवाल्याला नुसतं "ॲपल" सांगितलं तर तो भलतीकडे सोडेल, क्युपर्टिनोत ॲपलच्या बिल्डिंगी जिकडे तिकडे आहेत. ओरिजिनल पासपोर्ट न्या, फोटो किंवा झेरॉक्स चालणार नाही, आणि रिक्वेस्टमध्ये टाकलेलं नाव पासपोर्टशी जुळतंय का ते घरीच तपासा. आपल्याकडे वडलांचं नाव मध्ये असतं, कधी आडनाव आधी, कधी पासपोर्टवर सगळं एकाच रकान्यात, तो घोळ तिथे काउंटरवर निस्तरत बसायला नको.

बॅजबरोबर काहीतरी भेटवस्तू देतात, आणि कपड्याला लावायच्या छोट्या शोभेच्या पिना. पिनांचं वेड मोठं आहे, लोक एकमेकांत अदलाबदल करतात, बॅजच्या गळ्यातल्या पट्ट्यावर लावून मिरवतात. तुम्हाला वेड नसलं तरी एक्स्ट्रा पीन खिशात ठेवा, अनोळखी माणसाशी बोलणं सुरू करायला याच्याइतकं सोपं काही नाही.

आणि इथे थांबा. बॅज घेतला, सेल्फी काढला आणि पळाले, असं करू नका. खायला प्यायला असतं, गवतावर लोक बसलेले असतात, सोमवारची घाई नसते, आणि ज्यांच्या ओपन सोर्स लायब्ररी (सगळ्यांना फुकट वापरता येणारा कोड) तुम्ही वर्षानुवर्षं वापरताय त्यांच्यातलं कोणीतरी शेजारी उभं असायची दाट शक्यता असते. आपण भारतीय लोक एक गडबड करतो, आपल्याच घोळक्यात बसतो, आणि मराठी बोलणारं कोणी भेटलं की संपलंच, दोन तास मिसळीवर चर्चा. मराठी माणसं नंतर पण भेटतील. ब्राझीलचा, जपानचा, नायजेरियाचा डेव्हलपर परत कधी भेटणार?

तुमचं ॲप एका वाक्यात सांगायची प्रॅक्टिस करून जा. "आम्ही एक प्लॅटफॉर्म बिल्ड करतोय" असलं नाही. "शेतकऱ्याला कांद्याचे भाव दाखवणारं ॲप आहे, नेट नसताना पण चालतं", हे असं. आणि फोनमध्ये ते उघडून दाखवता येईल असं ठेवा, लॉगिन करून, डेमो डेटा भरून.

सोमवार सकाळ

कीनोट सकाळी 10 ला, पण लोक पहाटेपासून टॅन्टाऊ ॲव्हेन्यूवरच्या व्हिजिटर सेंटरकडे रांगेत असतात. सातच्या आसपास पोचलात तर बरं. पहिल्या रांगेसाठी पाच वाजता जायची गरज नाही असं मला वाटतं, कारण मगाशी सांगितलं तसं, व्हिडिओच आहे. पण लवकर गेल्याचा फायदा वेगळाच, रांगेतल्या गप्पा, नाश्ता, आणि बसायला सावलीची जागा.

सावली हा विषय सिरियसली घ्या. स्क्रीन असते कॅफे मॅक्सपाशी, म्हणजे त्या गोल बिल्डिंगमधलं कँटीन, ज्याचे काचेचे दरवाजे चार मजली उंच आहेत आणि ते सरकवून आख्खे उघडतात. काही खुर्च्या आत छपराखाली, बाकीच्या बाहेर उघड्यावर. जूनमध्ये तिथे सकाळी सातला जॅकेट लागतं आणि साडेदहाला तेच जॅकेट डोक्यावर घ्यावंसं वाटतं. टोपी, सनस्क्रीन, गॉगल, पाण्याची बाटली. आपण उन्हात वाढलोय, आपल्याला काय होतंय, असं म्हणणारे संध्याकाळी टोमॅटो झालेले असतात, तिथलं ऊन कोरडं असतं, घाम लगेच वाळतो म्हणून कळतच नाही. पॉवर बँक घ्या, लॅपटॉपची मोठी सॅक हॉटेलवर ठेवा, दिवसभर चालायचंय आणि ती पाठीवर घेऊन फिरण्यात काही अर्थ नाही.

कपड्यांचं विचारतात बरेच जण. टीशर्ट, जीन्स, आरामाचे बूट. आपल्या ॲपचा टीशर्ट असेल तर तोच घाला, लोक विचारतात. ब्लेझर घातलेला माणूस दिसला तर तो प्रेसवाला नाहीतर इन्व्हेस्टर.

कॅम्पस बघून माणूस हरखतो हे मान्य. 2017 ला उघडलं, फॉस्टर अँड पार्टनर्सचं डिझाइन, जवळपास 9000 झाडं, मधल्या बागेत इंद्रधनुष्याच्या रंगांचं स्टेज. फोटो काढा, पण आत जिथे स्टाफ नको म्हणेल तिथे नको. क्रेगबरोबर सेल्फी हवा असेल तर तो कार्यक्रम संपल्यावर लोकांत फिरतो तेव्हा बघा, ढकलाढकली न करता. आपली लोकलची सवय इथे नको.

कीनोट चालू असताना

लाइव्ह असण्याची एक मजा गेली ती गेली. 2010 ला स्टीव्ह जॉब्सच्या आयफोन 4 च्या डेमोत वायफायच चालेना कारण हॉलमध्ये 570 वायफाय बेस स्टेशन चालू होती, आणि त्याने लोकांना लॅपटॉप बंद करा म्हणून सांगितलं होतं. 2019 ला सॅन होजेत मॉनिटरचा नुसता स्टँड 999 डॉलरचा सांगितल्यावर हॉलमध्ये जी कुजबुज उठली ती स्टेजवरच्या माणसापर्यंत पोचली. आता व्हिडिओला कुजबुज ऐकू येत नाही. पण तुम्हाला येते! कुठल्या फीचरला आजूबाजूचे डेव्हलपर खुर्चीवरून उठतात आणि कुठल्या गुळगुळीत जाहिरातीला फोन बघायला लागतात हे घरी बसून कळत नाही. स्क्रीनकडे जेवढं बघाल तेवढंच बाजूला बघा.

लिहून काय घ्यायचं? मोठ्या घोषणा लिहू नका, त्या तासाभरात सगळीकडे असतात. प्रत्येक भागाच्या शेवटी चौकोन चौकोनांची एक स्लाइड येते, त्यात दहावीस छोट्या गोष्टी असतात ज्या बोलून दाखवत नाहीत, ती काही सेकंदच राहते, तिचा फोटो काढा. तुमच्या कामाची गोष्ट बऱ्याचदा त्यातच असते. दुसरं, खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते, कुठल्या भाषेत, कुठल्या डिव्हाइसवर, कधी. 2024 ला ॲपल इंटेलिजन्स, म्हणजे ॲपलचं एआय, जूनमध्ये दाखवलं, सुरुवात अमेरिकन इंग्लिशने झाली, भारतातल्या इंग्लिशसाठी ते पुढच्या वर्षी आयओएस 18.4 या आयफोनच्या सॉफ्टवेअर अपडेटबरोबर आलं, आणि त्याच कीनोटमध्ये दाखवलेली तुमची माहिती समजून घेणारी सिरी तर 2025 च्या मार्चमध्ये लांबणीवर टाकली. म्हणून स्क्रीनवर दिसलं की लगेच क्लायंटला "दिवाळीपर्यंत देतो" असा मेसेज तिथूनच टाकू नका. बॉस व्हॉट्सॲपवर विचारतोच, त्याला सांगा दुपारनंतर बोलतो.

एक कटू प्रसंग येऊ शकतो, तुमच्या ॲपचं मुख्य काम ॲपलने फुकटात सिस्टिममध्येच टाकलं. याला डेव्हलपर लोक शेरलॉक होणं म्हणतात. 2024 ला पासवर्ड्सचं वेगळं ॲप आलं तेव्हा पासवर्ड मॅनेजरवाल्यांचं काय झालं असेल विचार करा. शेजारी कोणी असा एकदम गप्प झालेला दिसला तर जोक मारू नका, त्याच्यासाठी चहा कॉफी काहीतरी आणा. आणि तुमचंच झालं तर त्या दिवशी कुठलाही निर्णय घेऊ नका. ॲपलचं व्हर्जन साधारण दहातल्या सहा गोष्टी करतं, उरलेल्या चार गोष्टींना पैसे देणारे लोक असतात.

दुपारी एक: खरा कार्यक्रम हा

कीनोट पत्रकार, शेअर बाजार आणि गिऱ्हाइकांसाठी असतो. तुमच्यासाठीचा कार्यक्रम म्हणजे दुपारी 1 चं प्लॅटफॉर्म्स स्टेट ऑफ द युनियन. त्यात कोड असतो, एक्सकोड (ॲप बनवायचं ॲपलचं सॉफ्टवेअर) असतं, कुठली एपीआय, म्हणजे ॲपमधून वापरता येणारी सिस्टिमची सोय, आली आणि स्विफ्टचं काय चाललंय ते असतं. नवखे लोक जेवण झाल्यावर फोटो काढत भटकतात आणि नेमकं हे बुडवतात किंवा मागे बसून पेंगतात, जेट लॅगची वेळ पण हीच, भारतात मध्यरात्र झालेली असते ना. म्हणून जेवण हलकं घ्या, कॉफी घ्या आणि जागे राहा, पेंगायचंच असेल तर कीनोटमध्ये पेंगा.

त्यानंतर इंजिनिअर लोक भेटतात, आणि ट्रिपचे पैसे इथे वसूल होतात. जाताना दोनच प्रश्न घेऊन जा पण नेमके. "स्विफ्टयूआय (स्क्रीन बनवायचं ॲपलचं फ्रेमवर्क) स्लो का आहे" याला इंजिनिअर हसून मान हलवेल. "लिस्टमध्ये पाच हजार ओळी आहेत, सर्च केल्यावर स्क्रोल अडकतो, हा बघा छोटा सॅम्पल प्रोजेक्ट" म्हणालात तर तो तिथेच उभा राहून विचार करायला लागतो. आणि तो हमखास विचारणार, फीडबॅक नंबर काय? म्हणजे फीडबॅक असिस्टंट या ॲपलच्या तक्रारींच्या ॲपमध्ये तो बग टाकलाय का आणि त्याचा एफबीने सुरू होणारा नंबर. हा नंबर जवळ असलेला माणूस आणि नसलेला माणूस यांच्यात जमीन अस्मानाचा फरक पडतो, कारण नंबर असला की तो परत जागेवर जाऊन बघू शकतो, नसला की गोड बोलणं आणि टाटा. निघायच्या आधी घरूनच बग फाइल करा, नंबर नोट्समध्ये कॉपी करून ठेवा. न रिलीझ झालेल्या गोष्टींबद्दल उगाच खोदून विचारू नका, ते सांगू शकत नाहीत आणि वातावरण अवघडतं.

संध्याकाळ आणि उरलेला आठवडा

नव्या सिस्टिमचा पहिला डेव्हलपर बीटा, म्हणजे अजून कच्चं, चाचणीचं व्हर्जन, त्याच दिवशी येतो. 2023 पासून त्याला पैशाची मेंबरशिप लागत नाही, त्यामुळे हात शिवशिवतात, पण ज्या फोनमध्ये तुमचा बोर्डिंग पास, टॅक्सी ॲप आणि बँकेचा ओटीपी आहे त्यात परदेशात असताना पहिला बीटा टाकायचा नाही म्हणजे नाही. जुना फोन असेल तर तो आणा, त्यात टाका.

मंगळवारपासून सगळं ऑनलाइनच असतं, शंभरेक व्हिडिओ सेशन डेव्हलपर ॲपमध्ये येतात, लॅब, म्हणजे इंजिनिअरना प्रश्न विचारायची सेशन, पण ऑनलाइन, त्यांचा फॉर्मॅट दरवर्षी थोडा बदलतो. मग क्युपर्टिनोत थांबायचं कशाला? कम्युनिटीवाल्यांसाठी. कम्युनिटीकिटसारखे कार्यक्रम त्या आठवड्यात आजूबाजूला होतात, एकत्र बसून सेशन बघणं, कोड करणं, आणि तिथे ॲपल पार्कचा बॅज नसलेले लोक पण असतात. लॉटरी न लागता नुसते याच्यासाठी येणारे पण बरेच आहेत आणि मला तो वेडेपणा वाटत नाही. बुधवारपर्यंत थांबलात तरी पुष्कळ, पूर्ण आठवडा थांबण्याइतकं तिथलं राहणं स्वस्त नाही.

लॉटरी नाही लागली तर

भारतात कीनोट रात्री 10:30 ला, यूट्यूबवर, ॲपलच्या साइटवर, टीव्ही ॲपवर. संपतो बाराच्या आसपास. स्टेट ऑफ द युनियन रात्री 1:30 ला. दोन्ही बघायचे असतील तर दुसऱ्या दिवशी सकाळची स्टँडअप मीटिंग आधीच पुढे ढकला, मॅनेजरला आठवडाभर आधी सांगा, त्या सकाळी सांगू नका. एकट्याने बघण्यापेक्षा ऑफिसच्या मोठ्या टीव्हीवर चारपाच जण मिळून बघा, सिक्युरिटीवाल्या काकांना रात्री थांबणार म्हणून सांगून ठेवा आणि एसी बंद होतो का ते विचारा, बऱ्याच टेक पार्कांत रात्री होतो. बंगळुरूत ॲपलचं डेव्हलपर सेंटर आहे, तिथे वर्षभर कार्यक्रम असतात, त्यांना जागा मिळायला लॉटरीइतकं नशीब लागत नाही आणि पुण्यातून रात्रीची बस पकडली की सकाळी तिथे.